कोऱ्या पत्राचा मायना

यंदाच्या दिवाळीत वरणगावच्या आमच्या घरी परदेशस्थ पुतण्याचे जे शुभेच्छापत्र आले, त्याच्या दर्शनी पानावर ना पणती होती ना लक्ष्मी. काळ्याभोर अवकाशात पृथ्वीचा निळा गोल तेवढा होता. ७ डिसेंबर १९७२ रोजी अपोलो १७ च्या यात्रिकांनी सुमारे २९,००० किलोमीटरांवरून टिपलेले ते छायाचित्र. त्यात आफ्रिका व अरबस्तान स्पष्ट दिसतात, तापीचे खोरे मात्र दिसत नाही. मूळ छायाचित्रात दक्षिण ध्रुव वर होता, आपल्या नजरेच्या सवयीखातर ते फिरवून छापतात. आत मजकूर नव्हता, केवळ सही; ते पाहून चांगदेवांचे कोरे पत्र आठवले.

आमच्याजवळच, तापी-पूर्णेच्या संगमावर, चांगदेवांचे स्थान आहे. चौदाशे वर्षे जगलेल्या त्या योग्याने ज्ञानदेवांस पत्र लिहावयास घेतले असता, वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा तर ज्ञानाने थोर, आणि थोर म्हणून नमस्कार लिहावा तर वयाने बालक, या विवंचनेत मायनाच न सुचल्यामुळे कोरा कागद धाडला, अशी कथा आहे. तो पाहून मुक्ताबाईने हा योगी अजून कोराच राहिला असे म्हटले, आणि ज्ञानदेवांनी ६५ ओव्यांचे उत्तर पाठविले. पाहणारा, पाहिले जाणारे आणि पाहणे ही त्रिपुटी एकाच वस्तूचे स्फुरण होय, हे त्या उत्तराचे सार.

शुभेच्छापत्रावरच्या त्या पृथ्वीच्या चित्रात सरहद्दी नाहीत, सातबाऱ्याच्या नोंदी नाहीत, म्हणून त्यात ऐक्याचे दर्शन घडते असे पुष्कळ जण मानतात. मला ते पटत नाही. दुरून बांध दिसत नाही, तसे बांधावरचे दुःखही दिसत नाही. आणि पहाटे अंथरुणातून उठताना पादस्पर्शाची क्षमा जिला मागावयाची, ती भूमी पायाखालीच असावी लागते. ऐक्य असेल तर ते अंतरात नव्हे, पाहणाऱ्याच्या देहात आहे: ज्या डोळ्याने तो गोल पाहिला तो तिच्याच अन्नावर पोसलेला, यानात भरून नेलेले पाणीही तिचेच. पृथ्वीने पृथ्वीला पाहिले. मग वर कोण आणि खाली कोण, हा चांगदेवांना छळणारा हिशेब उरतोच कोठे?

तरीही मायना लिहावा लागतोच. ‘चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद’ असे लिहून मी पहिले वर्तमान कळविले, ते हतनूरच्या जलाशयावर उतरलेल्या पाहुण्या पक्ष्यांचे.