सामाईक पत्ता

एका पतसंस्थेनं सभासदांच्या नोंदी संगणकावर घ्यायचं ठरवलं. काम आलं नुकत्याच बीसीए झालेल्या मुलीकडे. तिनं पायथॉनमध्ये सभासद, पत्ता आणि शाखा असे तीन क्लास लिहिले. घर, गाव, पिनकोड मिळून पत्त्याचा एक ऑब्जेक्ट, आणि तो सभासदाचा ॲट्रिब्यूट. पत्ता हाच मूळ क्लास धरून त्यातून सभासद काढावा, असं एकानं सुचवलं होतं. तिनं ऐकलं नाही, ते बरंच झालं. सभासदाला पत्ता असतो. सभासद म्हणजे पत्ता नव्हे.

सभासदांत दोन भाऊ होते, एकाच घरात राहणारे. मग पत्ता दोनदा कशाला लिहा? तिनं एकच ऑब्जेक्ट तयार करून दोघांच्या नावावर लावला. सगळी यादी पिकलनं एका फाइलीत साठवली, त्यामुळे ही जोडणीही तशीच टिकली.

पुढे धाकटा नाशिकला गेला. तिनं बदल केला (पायथॉन 3 ला देवनागरी नावं चालतात):

धाकटा.पत्ता.गाव = "नाशिक"

घर आणि पिनकोडही असेच बदलले. लाभांशाची पत्रं गेली आणि आठवड्याभरात थोरला तणतणत हजर. "मी जागचा हललो नाही, आणि तुम्ही मला नाशिकला धाडलंत?"

मुलगी चक्रावली. थोरल्याच्या नोंदीला तिनं हातही लावला नव्हता. जुने लेखनिक अण्णा चष्मा पुसत म्हणाले, "विहीर सामाईक असली की धाकट्यानं उपसा केला तरी पाणी थोरल्याचंही खाली जातं. ह्यांचा पत्ता सामाईक ठेवलायस का बघ."

तिनं आयडी फंक्शनला दोघांचे पत्ते दिले. दोन्ही वेळा आकडा एकच आला. नावं दोन, वस्तू एक. तिनं धाकट्यासाठी पत्त्याचा नवा ऑब्जेक्ट बनवला, जुन्यात थोरल्याचं घर, गाव, पिनकोड पुन्हा भरले आणि प्रकरण मिटलं.

पण दुधानं तोंड पोळलेलं. तिनं एकेका सभासदावर सरसकट डीपकॉपी चालवली. प्रत्येक सभासदाला सगळंच स्वतंत्र मिळालं, अगदी आतापर्यंत सगळ्यांचा एकच असलेला शाखेचा ऑब्जेक्टसुद्धा. महिन्याभरात शाखेचा फोन नंबर बदलला. तिनं पहिल्या सभासदाच्या नोंदीतून तो दुरुस्त केला, आणि बाकी सगळ्यांच्या पत्रांवर जुनाच छापून आला.

अण्णांनी एक पत्र उचललं, दुसरं उचललं. "काय गं, भाऊ वेगळे झाले ते कळलं. शाखेची वाटणी कधी झाली?"