नुसते ओठ हलवा



आपल्या गायकवृंदाचा शनिवारचा सराव सातला सुरू व्हायचा. सातपूर-अंबडहून पाळी संपवून, द्वारका चौकातली कोंडी पार करून सगळे जमेपर्यंत साडेसात वाजत. वेळेवर आलेले दहा जण तोवर नुसते बसून असत. दहा जणांचा अर्धा तास म्हणजे पाच तास. ते आम्ही कोणाला विचारून खर्च करत होतो? आता साडेसातलाच सुरू करतो आणि पावणेनऊला थांबतो, मग गीत बसलेले असो वा नसो.

दुसरा प्रश्न जास्त बोचणारा आहे. मागच्या नाताळच्या तयारीत एका वयस्कर काकांचा सूर लागत नव्हता. कोणीतरी म्हणाले, "काका, तुम्ही नुसते ओठ हलवा." सगळे हसले. काकाही हसले आणि पुढच्या शनिवारपासून यायचे थांबले. आम्ही तिथेच होतो. आम्ही काही बोललो नाही.

गप्प राहायला आमच्याकडे कारणही होते: देवाला उत्तम तेच वाहावे. हे खोटे नाही. बेसूर गायनाने प्रार्थनेत व्यत्यय येतोच. पण संत ऑगस्टीन यांना उलटी भीती वाटे. 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात ते कबूल करतात की, गायलेल्या शब्दांपेक्षा गाण्यानेच मन अधिक हेलावले तर ते स्वतःला दोषी मानत. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनेविषयीच्या दस्तऐवजात गायकवृंद जोपासायला सांगितले, पण गायनात सर्व भाविकांचा सहभाग राहील हे पाहण्याची जबाबदारी बिशप आणि धर्मगुरूंवर टाकली. म्हणजे पेटीवाल्यावर नव्हे, आमच्यावर.

पुढे एकदा पेटी उघडून पाहिले. गीत काळी चारमध्ये बसवलेले, मुलींच्या गळ्याला सोयीचे. काकांना वरचा सूर मिळणार कसा? मिस्साला बसलेल्या निम्म्या पुरुषांनाही तो मिळाला नसता. ते मुकाट्याने गप्प राहिले असते इतकेच. दोष काकांच्या कानाचा नव्हता, पट्टीचा होता.

ॲरिस्टॉटलचे एक निरीक्षण सेमिनरीत असताना आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते: वाद्य वाजवूनच चांगला वादक घडतो, आणि वाईट वादकही वाजवूनच घडतो. चुकलेल्या ओळीसकट गीत पहिल्यापासून पाच वेळा म्हटले की चूकच पक्की होते. म्हणून अडलेली ओळ तेवढी बाजूला काढावी, आधी मोठ्याने वाचावी, मग पेटीशिवाय हळू म्हणावी. प्रतिसाद स्तोत्र सर्वात आधी घ्यावे, कारण ते सगळ्या मंडळीच्या तोंडी जायचे असते. समाप्तीचे गीत राहिले तर जुने चालते.

एखाद्याला कोणत्याच पट्टीत सूर लागत नसेल तर? त्याला खरे सांगावे लागेल. पण एकट्याला, बसवून, चारचौघांत नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही काकांकडे जाऊन आलो. हे लिहायला त्यांची परवानगी घेतली आहे. गीत आता काळी एकमध्ये घेतले आहे, असे सांगितले. शनिवारी येतो असे काही ते म्हणाले नाहीत. "बघतो, फादर," म्हणाले.