पाण्याचा रकाना

२०२३च्या शेवटी मराठवाड्यातल्या तहसिलींत जुनी दप्तरं सोडली गेली. मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीला निजामकाळच्या कागदांत ‘कुणबी’ हा शब्द हवा होता. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मान आला. आमच्या सेनगावात चहाच्या टपरीवर लोक खापरपणजोबांची नावं आठवू लागले.

आम्हीही घरातली गाठोडी सोडली. हाती लागली ती १९५५च्या पाहणी पत्रकाची नक्कल. शब्द सापडला नाही, पण मी तो कागद परत गाठोड्यात ठेवला नाही. पीक ज्वारी, पाण्याचं साधन विहीर. आज त्याच रानात बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन आहे. ज्वारी गेली तसा कडबा गेला, मग बैलही गेले.

रानाचा हा बदल कागदानं दाखवला, पण हवामान बदलाचं बोलणं निघालं की आपण आभाळाकडं बघतो. पाऊस का हुकला, एवढं आभाळ सांगतं. १८७६ साली दख्खनमध्ये पाऊस हुकला. त्याच सुमारास चीन आणि ब्राझीलही होरपळले. त्या काळात प्रशांत महासागर तापला होता; त्या तापण्याला आपण आज एल निनो म्हणतो. पण लाखो माणसं का मेली? ते कागदांतच बघावं लागतं. लोक अन्नावाचून तडफडत असताना हिंदुस्थानातलं धान्य बोटींतून विलायतेला जात होतं आणि बाजारात हात घालायचा नाही, हे व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या सरकारचं धोरण होतं.

१९७२ला पुन्हा पाऊस रुसला. गुरंढोरं गेली, पण रोजगाराची कामं निघाली; खडी फोडून, सुकडी खाऊन माणसं जगली. आभाळ दोन्ही वेळा कोरडंच होतं, फरक राज्य करणाऱ्यांत होता. (सुकडीची चव आमच्या आईच्या अजून जिभेवर आहे, चांगली म्हणून नव्हे.) मात्र १९७२च्या दुष्काळानंतर बोअरची गाडी गावोगाव फिरू लागली, आणि जमिनीखालचं पाणी किती खोल गेलं ते आता ज्याला त्याला ठाऊक आहे.

आज पहाटे ती नक्कल खिशात घालून रानात गेलो. कागदावरची विहीर शोधायला वेळ लागला. बुजून गेली आहे, वर घाणेरी माजली आहे. दहा पावलांवर शेजारच्या काकांचा बोअर. थ्री फेज वीज आली होती. मोटार सुरू होती, आणि पाइपातून आधी बराच वेळ नुसती हवाच येत होती.