त्या सहीवर हक्क कुणाचा?

रोह्याजवळच्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीत तीस-पस्तीस वर्षं पाळ्या करून कामगार निवृत्त होतो, तेव्हा फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे एकदम हातात येतात. एवढी एकरकमी रक्कम आयुष्यात पुन्हा येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. थोडी घराच्या स्लॅबला जाते, थोडी मुलीच्या लग्नाला. उरलेल्या पैशाच्या व्याजावर घर चालावं म्हणून तो जवळच्या सहकारी बँकेत मुदत ठेव करतो. अलीकडे मुलगा मागे लागतो म्हणून चार शेअरही घेतले जातात. हा माणूस ताळेबंद वाचत नाही. वाचला तरी त्यातला आकडा खरा की खोटा, हे घरी बसून कळायला मार्ग नाही. आपल्या वतीने कुणीतरी दप्तर तपासलं आहे आणि तपासून खाली सही केली आहे, एवढ्या भरवशावर तो पैसे सोडतो. सही करणारा लेखापरीक्षक त्याला कधी भेटत नाही.

मग ती सही खोटी ठरली, तर तिचा जाब कुणी कुणाला विचारायचा?

पेणमधले लोक याच प्रश्नाला वर्षानुवर्षं तोंड देत आहेत. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि जवळपास दोन लाख ठेवीदारांचे सुमारे सहाशे कोटी रुपये अडकले. त्या वर्षी गणेश चतुर्थी ११ सप्टेंबरला होती. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात वर्षभराची कमाई गणेशमूर्तींच्या ज्या हंगामावर ठरते, तो हंगाम नुकता संपला होता. मूर्तिकार, पापडाच्या धंद्यातल्या बायका, भातशेती करणारे, पेन्शनर हे सगळे एका दिवसात स्वतःच्याच पैशाला पारखे झाले. पुढे बाहेर आलं ते असं: बोगस नावांवर कर्जखाती उघडून पैसा बाहेर काढला गेला आणि त्यातून जमिनी घेतल्या गेल्या. अध्यक्ष-संचालकांवर गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या. ठेवीदारांनी संघर्ष समिती उभी केली, मोर्चे काढले, उच्च न्यायालय गाठलं. २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकेचा परवाना रद्द केला. ठेव विम्याची मर्यादा तेव्हा एक लाख रुपये होती. ती पाच लाख झाली फेब्रुवारी २०२० मध्ये, पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक बुडाल्यानंतर.

या सगळ्या चर्चेत संचालकांची नावं सर्वांच्या तोंडी आली आणि ते योग्यच आहे. पण सहकार कायद्याने लेखापरीक्षण दर वर्षी करावंच लागतं. दर वर्षी कुणीतरी कर्जखात्यांची यादी समोर घेऊन बसलं होतं. बोगस कर्ज कागदावर कसं जगतं ते पाहिलं, की या मुद्द्याचं वजन कळतं. खोट्या खात्यावर व्याज आकारलं जातं. ते कुणी भरत नाही, पण बँकेच्या उत्पन्नात जमा दिसतं. थकबाकी उघडी पडू नये म्हणून दुसऱ्या खोट्या खात्यावर नवं कर्ज दाखवून पहिल्याचं व्याज भरलं जातं. दर वर्षी कर्जवाटप वाढलेलं दिसतं, नफा वाढलेला दिसतो, लाभांश वाटला जातो. हे पकडायला फार मोठी विद्या लागत नाही. कर्जदाराच्या पत्त्यावर शिल्लक पुष्टीचं पत्र पाठवायचं आणि उत्तर थेट आपल्याकडे मागवायचं. गहाणखताची फाइल उघडायची. चार ठिकाणी स्वतः जाऊन कर्जदार आहे का, धंदा आहे का, हे पाहायचं. असं कर्जदार नसलेलं कर्ज एका वर्षी नजरेतून सुटू शकतं. वर्षानुवर्षं सुटत राहिलं, तर पाहणाऱ्याने पाहायचं सोडलं होतं, असंच म्हणावं लागतं.

सत्यम कॉम्प्युटर्सची गोष्ट याहून वेगळी नाही, फक्त आकडे मोठे आहेत. ७ जानेवारी २००९ ला कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबुली दिली, की ताळेबंदातली रोख आणि बँकेतली शिल्लक ५,०४० कोटी रुपयांनी फुगवलेली आहे. बँकेत पैसे आहेत की नाहीत, हे बँकेलाच थेट विचारायचं असतं, आणि नेमकं तेच नीट झालं नव्हतं. सत्यमच्या रोख्यांची खरेदी-विक्री न्यूयॉर्कच्या बाजारातही होत असल्याने तिथल्या गुंतवणूकदारांनी एकत्र येऊन दावा लावला. २०११ मध्ये कंपनीने साडेबारा कोटी डॉलर आणि लेखापरीक्षक असलेल्या प्राइस वॉटरहाऊसने २ कोटी ५५ लाख डॉलर देऊन तो मिटवला. भारतातल्या छोट्या भागधारकांच्या हाती मात्र अशी भरपाई आली नाही. ताळेबंद एकच, सही एकच. पण तिची किंमत समुद्रापलीकडच्या माणसाला वसूल करता आली आणि इथल्या माणसाला नाही.

रायगड जिल्ह्याच्या दृष्टीने एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. स्वतंत्र भारताचा पहिला मोठा कंपनी कायदा संसदेत आणणारे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख आपल्याच भागातले. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, बालपण रोह्याचं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर तेच. कंपनी कायद्यासाठी नेमलेल्या भाभा समितीच्या अहवालानंतर त्यांनी १९५३ मध्ये मांडलेलं विधेयक १ एप्रिल १९५६ पासून कायदा म्हणून लागू झालं. कंपनीच्या हिशेबातून तिच्या स्थितीचं खरं आणि रास्त चित्र दिसतं की नाही, हे लेखापरीक्षकाने भागधारकांना सांगायचं, ही जबाबदारी त्या कायद्यात स्पष्ट लिहिली गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं, ते महाराष्ट्राच्या लक्षात राहिलं. कायद्याचं काम मात्र आपण विसरलो.

त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०१३ च्या कंपनी कायद्यात सत्यमचा धडा उतरला. कलम २४५ नुसार शंभर भागधारक किंवा शंभर ठेवीदार एकत्र येऊन न्यायाधिकरणाकडे सामूहिक दाद मागू शकतात. कंपनी आणि संचालकांबरोबर लेखापरीक्षकाकडून आणि त्याच्या फर्मकडूनही, अहवालातल्या दिशाभूल करणाऱ्या विधानासाठी, नुकसानभरपाई मागता येते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत दोन टक्के भागभांडवल असलेल्या भागधारकांनाही हा मार्ग आहे. जून २०१६ पासून हे कलम लागू आहे. वापर अगदी तुरळक झाला, पण दार आहे.

मात्र याच कलमात शेवटाकडे एक वाक्य आहे: बँकिंग कंपनीला हे लागू नाही. सहकारी बँक तर कंपनी कायद्याखाली येतच नाही. म्हणजे धाटावच्या त्या निवृत्त कामगाराकडे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे शेअर असतील, तर तिच्या लेखापरीक्षकाकडे भरपाई मागण्याचा हक्क निदान कागदावर त्याला आहे. त्याच माणसाची ग्रॅच्युइटी ज्या सहकारी बँकेत आहे, तिच्या लेखापरीक्षकाबाबत असा हक्क नाही. जो पैसा त्याने जोखीम समजून घातला, त्याला संरक्षण; आणि जो जोखीम नको म्हणून ठेवला, तो उघड्यावर. ही उफराटी व्यवस्था मला अनैतिक वाटते, आणि ती आपण इतकी वर्षं चालू दिली याचं दुःख होतं.

लेखापरीक्षकांची बाजूही ऐकली पाहिजे. लेखापरीक्षक म्हणजे गुप्तहेर नव्हे, हे इंग्लंडच्या न्यायालयाने १८९६ मध्येच सांगून ठेवलं आहे: त्याने राखणदारासारखं जागं राहावं, प्रत्येक जण चोर असं धरून चालू नये. व्यवस्थापनच ठरवून फसवत असेल तर प्रामाणिक माणूसही फसतो. छोट्या संस्थेच्या लेखापरीक्षणाची फी तुटपुंजी असते, आणि प्रत्येक बुडालेल्या रुपयाची भरपाई त्याच्या गळ्यात घातली तर हे काम करायला कुणी उरणार नाही. हे सगळं मला मान्य आहे. जबाबदारीला मर्यादा असावी. पण पत्र पाठवणं, फाइल उघडणं, जागेवर जाणं, एवढं ज्याने केलं नाही, त्याची ढाल ही मर्यादा होऊ नये.

आणि या लहान शहरांत फीपेक्षा मोठी अडचण भिडेची आहे. लेखापरीक्षक त्याच गावचा. अध्यक्ष त्याच्या ओळखीचे, कधी नात्यातले, कधी एकाच उत्सव मंडळातले. चहा होतो, ‘साहेब, यंदा एवढं सांभाळून घ्या, पुढच्या वर्षी नीट करतो’ असं म्हटलं जातं आणि शेरा सौम्य होतो. त्या खोलीत अध्यक्ष समोर बसलेले असतात, ठेवीदार नसतो. ज्याचा चेहरा समोर आहे त्याला दुखवणं जड जातं; ज्याचा चेहरा कधीच दिसणार नाही त्याचं नुकसान हलकं वाटतं. लेखापरीक्षकाच्या पेशाची खरी कसोटी इथे आहे. नैतिकदृष्ट्या तो त्या खोलीत नसलेल्या माणसाचं देणं लागतो, फीचा चेक कुणीही फाडो.

काही सुधारणा झाल्या आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ८१ प्रमाणे, हिशेबात गुन्हा दिसला तर लेखापरीक्षकाने अहवालानंतर पंधरा दिवसांत निबंधकांना विशेष अहवाल द्यायचा आणि त्यांच्या लेखी परवानगीने गुन्हा नोंदवायचा असतो. एप्रिल २०२१ पासून नागरी सहकारी बँकांच्या लेखापरीक्षकांच्या नेमणुकीवर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण आलं. हे चांगलंच आहे. पण या सगळ्यात तक्रार करणारं, परवानगी देणारं, शिक्षा करणारं कुणी तरी वरचं आहे. ज्याचे पैसे गेले, त्याच्या हातात काही दिलेलं नाही.

दर वर्षी सप्टेंबरअखेर सहकारी बँकांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतात. विषयपत्रिकेत लेखापरीक्षण अहवालाचा विषय असतो आणि ‘मंजूर, मंजूर’ म्हणत तो काही क्षणांत उरकला जातो. यंदा रोहा, पेण, अलिबागच्या सभासदांनी त्या विषयावर थांबावं. लेखापरीक्षक सभेला आले आहेत का, किती कर्जदारांकडून थेट पुष्टिपत्रं मागवली, किती आली, सर्वांत मोठ्या वीस कर्जांची तारणं कुणी जाऊन पाहिली, हे विचारावं आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं. नुसती ठेव असलेल्या माणसाला, तो सभासद नसल्यामुळे, त्या सभेत बसताही येत नाही. म्हणून सभासदांनाच हे प्रश्न विचारावे लागतील आणि आमदार-खासदारांकडे मागणी करावी लागेल, की कलम २४५ मधला सामूहिक दाव्याचा हक्क सहकारी बँकांच्या ठेवीदारांनाही मिळावा, शंभर जणांनी एकत्र यावं एवढ्याच अटीवर.