सोनेरी काठाचे कप

आमच्या घरी कपबशांचा एक संच आहे. सहा कप, सहा बशा, किटली, दुधाचे नि साखरेचे भांडे. सारे पांढरेशुभ्र, काठावर सोन्याची रेघ. लग्नात आहेर म्हणून आलेला हा संच नागपूरहून दिल्लीस बदली झाली तेव्हा आम्ही पेंढ्यात बांधून आणला. येथे तो काचेच्या कपाटात जाऊन बसला. परप्रांती नोकरी करणाऱ्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी त्याचा एखादा भाऊबंद असेलच.

या भांड्यांचा इतिहास गमतीचा आहे. सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस याने ब्योटगर नावाच्या किमयागारास सोने करून दे म्हणून कोंडून ठेवले होते. सोने काही झाले नाही. पण चिनी कारागिरांचे पांढरे भांडे युरोपात प्रथम त्याच्या नि त्याच्या सहकाऱ्यांच्या हातून सिद्ध झाले आणि १७१० साली माइसेनचा कारखाना निघाला. सोने पुढे आले ते काठावर. झिलई भाजून झाल्यावर ते वरून लावतात नि कमी आचेवर पुन्हा भाजतात. म्हणून ते आत मुरत नाही, खरखरीत घासणीने झिजते. हे भांडे वापरापेक्षा जपणुकीचेच अधिक.

पण जपावयाचे कोणासाठी?

ती पेटी तीन जिने चढवून आणली आमच्या कार्यालयातील एका शिपायाने. जून महिना, सुटीचा दिवस. (शिपायाकडून घरचे काम करून घेणे नियमात बसत नाही, तो आपखुशीने आला, असे आम्ही तेव्हाही स्वतःस सांगितले होते.) पेटी त्यानेच उघडली. एकाही कपाचा टवका उडाला नव्हता. चार दिवसांनी अवर सचिव सपत्नीक आले, त्यांना चहा त्या कपांतून मिळाला. शिपायाला मिळाला होता तो स्टीलच्या पेल्यातून.

सौभाग्यवतींचे म्हणणे, एक फुटला तर पाच उरतात, आणि पाचांचा संच होत नाही. यात तथ्य आहे. आमचे समर्थन याहून सूक्ष्म होते. आम्ही स्वतः रोज स्टीलच्या पेल्यातूनच चहा घेतो. तेव्हा साहेबांना आम्ही परके मानले, शिपायाला घरचे! या युक्तिवादावर आम्ही दोन दिवस सुखाने काढले. मग ध्यानात आले की तो पेला आमच्या फळीवरचा नव्हताच. तो मोरीलगतच्या खिडकीत असतो, भांडी घासणाऱ्या बाईंचा. तो तेथे ठेवा असे घरात कोणी कधी बोलले नव्हते.

पुण्यात पंचहौद मिशनमधील १८९० सालच्या चहावरून ग्रामण्य माजले, टिळक-रानड्यांपर्यंत प्रायश्चित्ताचा वाद गेला, हे वाचून आम्ही हसत आलो. त्या सनातन्यांनी निदान वाद चव्हाट्यावर घातला होता. आम्ही तर राज्यघटनेचे १७ वे कलम नोकरीच्या परीक्षेसाठी पाठ केलेले! शिपायाची जात आम्हांस आजही ठाऊक नाही. विचारण्याची गरजच पडली नाही. हुद्दा पुरेसा होता.

दिवाळीत तो भेटावयास आला, तेव्हा आम्ही संच काढविला. खरे सांगावयाचे तर आमच्या मनात त्याच्या आदरापेक्षा आमची सुटकाच अधिक होती. त्याने कप दोन्ही हातांनी धरला, तीन घोटांत संपविला, बशी हलकेच टेबलावर ठेवली आणि संकोचाने म्हणाला, "बाबूजी, इसमें तो चाय आती ही नहीं. गिलास में दीजिए."

आम्ही हसलो, तोही हसला. ही त्याची आवड की इतक्या घरांनी लावलेली सवय, हे त्याला विचारण्याचा धीर आम्हांस झाला नाही. आम्ही उठलो आणि फळीवरून दोन पेले काढले.