गोडी कशी सुटते? (गीता २.५९)

उपवासाने विषय दूर होतात, पण आतली गोडी राहते. परमतत्त्व दिसलं की तीही जाते, असं भगवंत सांगतात.

इंडियाना जोन्स आठवा. १९८४च्या भागात (खलनायक आपले अमरीश पुरी) तो धन आणि कीर्तीसाठी निघतो. शेवटी पवित्र दगड गावाला परत देतो. मग गोडी सुटली का? नाही. १९८९च्या भागात तो दरीत लोंबकळतोय. एक हात वडिलांनी धरलाय, दुसरा पवित्र प्याल्याकडेच जातोय! एरवी ‘ज्युनियर’ म्हणणारे वडील तेव्हा ‘इंडियाना’ अशी हाक मारतात, सोड म्हणतात. तो सोडतो.

दगड कर्तव्य म्हणून दिला होता. प्याला सुटला, कारण त्याहून मोठं काही मिळालं.

आज काय सोडायचं, हे ठरवण्याआधी आपला हात कोणी धरलाय ते पाहूया.

॥ राम कृष्ण हरी ॥