पाप कोणाचे?

गोव्यातील पर्रा गावचा डॉमिनिक डिसोजा नेमाने रक्तदान करीत असे. १९८९ च्या फेब्रुवारीत त्याच्या रक्तात एचआयव्ही आढळल्यावरून पोलिसांनी त्याला नेले आणि म्हापशाच्या ओस पडलेल्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस एकटे कोंडून ठेवले. कायदाच तसा होता. आई लुसी उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने कायदा उचलून धरला. डॉमिनिक मात्र गप्प बसला नाही. १९९२ साली त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला.

ही हकीकत सांगितली की हमखास प्रश्न येतो : 'पण त्याला झाला कसा?' जन्मांधाला पाहून शिष्यांनीही प्रभूला पाप कोणाचे, असेच विचारले होते. प्रभूने त्या हिशेबाला थारा दिला नाही. चिखल कालवून त्याच्या डोळ्यांना लावला. रक्तदात्याचा गौरव आपण सहज करू. पण ज्याच्या आजाराचे कारण सांगताना आईची मान खाली जाते, त्याचे काय? २०१७ च्या कायद्याने भेदभावाला मनाई केली आहे. तरीही अशा एका घरी माझ्यापुढे चहा आला, तेव्हा मी उपवास असल्याचे सांगितले. उपवास नव्हता.